ग्रंथालयाची यादी वाचकाच्या फोनवर जरूर यावी, पण फाईल जशीच्या तशी उघड्यावर टाकून नव्हे

मा. संपादक यांस,

महोदय,

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची संख्या आज दहा हजारांच्या पुढे आहे. शासन त्यांना मोठ्यापासून लहानापर्यंत 'अ' ते 'ड' असे वर्ग देते. त्यांतील बऱ्याच 'अ' आणि 'ब' वर्ग ग्रंथालयांनी, तसेच हौशी कार्यवाह लाभलेल्या काही 'क' वर्ग ग्रंथालयांनीही, आपली दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक ग्रंथाची क्रमवार नोंद, पूर्वीच संगणकावर उतरवून घेतली. त्या काळी गावातल्या संगणक केंद्रातील एखादा होतकरू मुलगा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या माहिती साठवण्याच्या प्रणालीत तीन-चार तक्ते आणि दोन फॉर्म तयार करून देत असे, उन्हाळ्याच्या सुटीत विद्यार्थी बसून नोंदी भरत आणि ते काम उरकले की वार्षिक अहवालात 'ग्रंथालयाचे संगणकीकरण पूर्ण' असे छापून येई. ती फाईल आजही देवघेवीच्या टेबलावरच्या संगणकात आहे. ग्रंथपालाला तिचा रोज उपयोग होतो. वाचकाला मात्र आजही टेबलापाशी येऊन, अमुक पुस्तक आपल्याकडे आहे का आणि असल्यास ते आत आहे की बाहेर गेले आहे, हे तोंडी विचारावे लागते.

ही यादी वाचकाला घरबसल्या ब्राउझरमध्ये पाहता यावी, असे आता अनेक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना वाटू लागले आहे आणि ते योग्यच आहे. मी स्वतः एका तालुक्याच्या गावातील ग्रंथालयाच्या मंडळावर आहे आणि माझा व्यवसायही माहितीसंचांच्या (डेटाबेसच्या) देखभालीचा आहे, त्यामुळे अशी दरपत्रके माझ्या नजरेखालून जात असतात. त्यांत संकेतस्थळाचा रंग, मुखपृष्ठावरची सरकती छायाचित्रे आणि अध्यक्षांचे मनोगत यांवर सविस्तर कलमे असतात. आतल्या नोंदींचे काय करणार, यावर बहुधा एक ओळ असते. माझ्या मते हे उलटे आहे. पान दिसू लागणे हा या कामाचा सोपा आणि स्वस्त भाग आहे. खरी मेहनत आणि खरा खर्च नोंदी दुरुस्त करण्यात आहे आणि मंडळांनी व शासनाने पैसा तिथे लावला पाहिजे.

ॲक्सेसची फाईल जशी आहे तशी ब्राउझरच्या मागे का उभी करता येत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. ॲक्सेस १९९२ साली बाजारात आले ते एका टेबलावरच्या किंवा एका कार्यालयातल्या कामासाठी. त्यात मागणी घेऊन उत्तर परत पाठवणारा स्वतंत्र सर्व्हर नसतो. ज्या संगणकावरून फाईल उघडली जाते, तो संगणकच ती फाईल थेट वाचतो आणि थेट तिच्यात लिहितो. फाईल उघडली की शेजारी त्याच नावाची एक लहानशी कुलुपाची फाईल तयार होते. कोण कोण आत आहे याची नोंद तिच्यात राहते. देवघेव चालू असताना वीज गेली की ही कुलुपाची फाईल तशीच पडून राहते आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथपालाला फाईल उघडताना अडचण येते, हा अनुभव ज्यांनी असे संगणक चालवले आहेत त्यांना नवा नाही. कागदोपत्री एका फाईलमध्ये एका वेळी २५५ जण काम करू शकतात आणि फाईलची मर्यादा दोन जीबी आहे. पन्नास हजार ग्रंथांची नुसती यादी त्या मर्यादेच्या जवळपासही पोहोचत नाही, म्हणजे अडचण आकाराची नाही. अडचण ही आहे की वायफायवरून किंवा इंटरनेटवरून अशी फाईल थेट उघडली आणि मध्येच जोडणी तुटली, तर अर्धवट लिहिलेला भाग आत राहतो आणि संपूर्ण फाईलच ओळखता येत नाही असा संदेश येतो.

तरीही स्वस्तात काम उरकणारे काही मार्ग सुचवले जातात. त्यांतला सर्वांत धोक्याचा म्हणजे एमडीबी फाईल, म्हणजे ॲक्सेसची मूळ फाईलच, संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवून तिथूनच वाचणे. फाईलचे नाव अंदाजाने पत्त्याच्या जागी टाकले, तर कोणालाही ती संपूर्ण उतरवून घेता येऊ शकते. तिला पासवर्ड असला तरी जुन्या आवृत्त्यांचे पासवर्ड काढून देणारी साधने सहज मिळतात. दुसरा मार्ग म्हणजे देवघेवीच्या संगणकाचा पडदाच दूरवरून दाखवणे. त्यात सुरक्षिततेची जबाबदारी मोठी येते, एका वेळी मोजक्याच लोकांना आत घेता येते आणि पुस्तक शोधायला आलेल्या वाचकाला ग्रंथपालाचा फॉर्म हाताळावा लागतो. कर्मचाऱ्याला घरून काम करण्यासाठी ते एक वेळ ठीक आहे, वाचकासाठी नाही.

खुद्द मायक्रोसॉफ्टनेही ॲक्सेस ब्राउझरमध्ये आणण्याचे प्रयत्न वारंवार केले. ॲक्सेस २००० मध्ये त्यासाठी खास पाने तयार करण्याची सोय दिली होती. ती पाने फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालत आणि २००७ च्या आवृत्तीत ती नव्याने तयार करण्याची सोयच काढून घेण्यात आली. २०१० मध्ये शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्याच सर्व्हरवरील प्रणालीवर चालणारे वेब डेटाबेस आले, २०१३ मध्ये त्याहून वेगळ्या धाटणीची वेब ॲप आली आणि एप्रिल २०१८ मध्ये शेअरपॉइंट ऑनलाइनवरची ती सेवा बंद झाली. ज्यांनी त्यावर भिस्त ठेवली त्यांना पुन्हा नव्याने मांडामांड करावी लागली. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की कोणी 'ॲक्सेसमध्येच एक बटण असते, ते दाबले की सगळे ऑनलाइन होते' असे सांगत असेल, तर त्याला ते बटण दाखवायला सांगावे.

जे मार्ग टिकतात, त्यांत मला दोन सुचवावेसे वाटतात. पहिला असा की तक्ते आणि फॉर्म वेगळे करायचे. तक्ते मारियाडीबी, पोस्टग्रेस किंवा तत्सम मोफत मिळणाऱ्या माहितीसंच-सर्व्हरवर हलवायचे आणि ग्रंथपालाचे सवयीचे फॉर्म ओडीबीसी या ठरीव पद्धतीच्या जोडणीने त्याच तक्त्यांना जोडून ठेवायचे. ग्रंथपालाला पडदा तोच दिसतो, वाचकासाठीचे पान त्याच तक्त्यांमधून फक्त वाचण्याच्या परवानगीने माहिती घेते. जिल्हा ग्रंथालयांना आणि मोठ्या संग्रहांना हे झेपण्यासारखे आहे. त्यांच्यापुढे अर्थात कोहाचाही पर्याय आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयासाठी १९९९ साली लिहायला घेतलेली ही प्रणाली आज जगभर वापरली जाते आणि तिचे वाचकांसाठीचे शोधपान मुळातच ब्राउझरचे आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणालीही आहे. पण या दोन्हींत जायचे तरी नोंदी तिथल्या साच्यात बसवाव्या लागतात, आणि कोहा स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचे तर लिनक्स सांभाळणारा माणूस लागतो. तो तालुक्याच्या गावी पगारावर ठेवणे शक्य नाही, हे मंडळावर असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

म्हणून लहान ग्रंथालयांसाठी मला दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. देवघेव पूर्वीप्रमाणेच ॲक्सेसमध्ये चालू द्यावी. रोज ग्रंथालय बंद करताना एका बटणाने पुस्तकांची यादी आणि प्रत्येक प्रत आत आहे की बाहेर, एवढीच माहिती साध्या मजकुराच्या फाईलमध्ये बाहेर काढावी आणि ती संकेतस्थळावर चढवावी. वाचकाला काल संध्याकाळची स्थिती दिसेल. पुस्तकाच्या बाबतीत तेवढे पुरेसे आहे, हे काही रेल्वेचे आरक्षण नव्हे. देवघेवीच्या संगणकाचे दार इंटरनेटला उघडावेच लागत नाही. शिवाय ही यादी फार लहान असते. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. ग्रंथाचे नाव, लेखक आणि क्रमांक मिळून ऐंशी चिन्हे धरली तर एक नोंद अडीचशे बाइटच्या आत बसते आणि सहा हजार ग्रंथांची अख्खी यादी दीड एमबीच्या आसपास भरते. म्हणजे एका बऱ्यापैकी छायाचित्राएवढी. ती एकदा वाचकाच्या फोनवर उतरली की शोध त्याच्या ब्राउझरमध्येच होतो, सर्व्हरवर कोणतीही प्रणाली चालवावी लागत नाही आणि त्यामुळे त्या प्रणालीत शिरकाव होण्याचा प्रश्नही उरत नाही. 'ड' वर्ग ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान अजून हजारांतच मोजले जाते, त्याला परवडेल असा हाच मार्ग आहे.

आता नोंदींकडे येतो, कारण घोडे तिथेच अडते.

आपल्याकडच्या जुन्या माहितीसंचांतले मराठी हे संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. श्री-लिपी, आकृती, आयएसएम किंवा तेव्हा हाताशी असलेला कोणताही फॉन्ट लावून ते टंकलेले असते; आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे, आणि पडद्यावर त्यांना मराठी आकार देतो तो फॉन्ट. फॉन्ट काढला की राहतो तो निरर्थक चिन्हांचा गोळा. पूर्वी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळेही वाचण्यासाठी आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागत असे, हे आपल्या जुन्या वाचकांना आठवत असेल. आजही काही पुरवठादार तोच फॉन्ट पानाला जोडून देतात. पान सुरेख दिसते, उद्घाटनाच्या दिवशी टाळ्याही पडतात. नंतर वाचक आपल्या फोनवरून 'इतिहास' असे टंकतो तेव्हा फोन युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, लिहीत असतो आणि यादीत तो शब्द युनिकोडमध्ये नसल्याने एकही पुस्तक सापडत नाही. डोळ्यांना दिसते आणि शोधाला सापडत नाही, अशी ही यादी होऊन बसते.

रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांत नुसते अक्षरास अक्षर ठेवून भागत नाही. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. 'धर्म' या शब्दातला रफार जुन्या पद्धतीत 'म' नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये 'र्' हा 'म'च्या आधी हवा. प्रत्येक फॉन्टची चिन्हांची जुळणी वेगळी, कधी कधी एकाच फॉन्टच्या दोन आवृत्त्यांचीही वेगळी. यात आणखी एक मेख आहे, जी दरपत्रक देणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. ॲक्सेसच्या मजकुराच्या साध्या रकान्यात फक्त चिन्हे साठतात. ती कोणत्या फॉन्टमध्ये वाचायची हे फॉर्मवर ठरते, नोंदीबरोबर राहत नाही. आधीच्या नोंदी एका फॉन्टमध्ये आणि संगणक बदलल्यानंतरच्या दुसऱ्या फॉन्टमध्ये भरल्या गेल्या असतील, तर कोणती नोंद कोणत्या फॉन्टची हे फाईल सांगू शकत नाही. ते दाखल क्रमांकाच्या टप्प्यांवरून ताडावे लागते आणि शेवटी कपाटातले पुस्तक हातात घेऊन पडताळावे लागते.

युनिकोडमध्ये आल्यावरही काम संपत नाही. 'ऱ्य' हे जोडाक्षर दोन प्रकारे साठवले जाऊ शकते, 'ऱ' घेऊन किंवा साध्या 'र' ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि शोधाला मात्र दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या नोंदींत ते 'अ' आणि वर चंद्र अशा दोन तुकड्यांत असण्याचा संभव अधिक. शोधपान तयार करणाऱ्याने ही दोन्ही रूपे आतल्या आत एक करून घेतली पाहिजेत. वाचकाकडून ऱ्हस्व-दीर्घाची चूक होणार हे गृहीत धरून तिलाही सामावून घेतले पाहिजे; ग्रंथालयाचे शोधपान ही शुद्धलेखनाची परीक्षा नव्हे. दाखल क्रमांक मजकुराच्या रकान्यात भरले असतील तर १ नंतर १०, मग १००, आणि त्यानंतर कधीतरी २ असा क्रम लागतो, तेही नीट करून घ्यावे लागते.

लेखकांच्या नावांची कथा तर निराळीच आहे. 'पु. ल. देशपांडे', 'देशपांडे पु. ल.', 'देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण' आणि पूर्णविरामांमध्ये जागा सोडलेली व न सोडलेली अशी त्यांचीच आणखी रूपे एकाच यादीत सर्रास आढळतात. कविता कुसुमाग्रजांच्या नावे आणि नाटके वि. वा. शिरवाडकरांच्या नावे असतात. ग्रंथपालाला हे पाठ असते, म्हणून टेबलावर विचारले की पुस्तक मिळते. ब्राउझरपुढे बसलेल्या आठवीतल्या मुलीला ते माहीत असण्याचे कारण नाही, तिला दोन्ही नावांखाली सगळी पुस्तके दिसली पाहिजेत. यासाठी लेखकांचा वेगळा तक्ता करून प्रत्येकाला एक क्रमांक द्यावा लागतो आणि सगळी रूपे त्या क्रमांकाशी बांधावी लागतात. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक नसतो, त्यामुळे त्यांच्या नोंदी दुसऱ्या कुठून आयत्या उचलून आणण्याची सोय फारशी नाही. हे बसून करण्याचे काम आहे आणि ते ज्याला पुस्तके माहीत आहेत त्यानेच करायचे आहे. माझ्या मते निवृत्त ग्रंथपालांना आणि मराठीच्या प्राध्यापकांना योग्य मानधन देऊन हे करून घ्यावे. संगणकवाल्याच्या अंगावर ते टाकले तर तो ते उरकेल, करणार नाही.

सभासदांच्या माहितीबद्दल मात्र मी जरा कडक आहे. त्या जुन्या फाईलमध्ये पुस्तकांच्या तक्त्याशेजारीच सभासदांचा तक्ता असतो: नाव, पत्ता, दूरध्वनी, अनामत, थकलेली वर्गणी आणि कोणी कोणते पुस्तक कधी नेले याचा सगळा इतिहास. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला आहे. पण तो नसता तरी कोण काय वाचतो ही गोष्ट ग्रंथालयाने चारचौघांत मांडायची नसते. हा तक्ता सर्व्हरवर नेऊच नये. 'आपल्या नावावरची पुस्तके पाहा' ही सोय आकर्षक वाटते, परंतु तिच्यासाठी प्रवेशाची व्यवस्था, पासवर्ड आणि ते विसरणारे सभासद असा सगळा पसारा मागे येतो. लहान ग्रंथालयाने त्या फंदात न पडता, पुस्तक परत करण्याची तारीख जवळ आली की ग्रंथपालाने फोन करावा.

मालकीचा मुद्दा थोडक्यात मांडतो. संकेतस्थळाचा पत्ता पुरवठादाराच्या नावावर आणि माहितीसंचाचा पासवर्डही त्याच्याच खिशात, अशा स्थितीत सापडलेली ग्रंथालये मी पाहिली आहेत. त्या माणसाने व्यवसाय बदलला की वाचकांची यादी एका सकाळी दिसेनाशी होते. पत्ता ग्रंथालयाच्या नावावर हवा, पासवर्ड कार्यवाहांकडे बंद पाकिटात हवा आणि साध्या मजकुराच्या स्वरूपातली संपूर्ण यादी दर महिन्याला ग्रंथालयाच्या हातात पडली पाहिजे. युनेस्कोचे सीडीएस-आयसिस हे ग्रंथसूचीसाठीचे सॉफ्टवेअर आपल्याकडे निस्सॅट या केंद्र शासनाच्या माहितीसेवा योजनेमार्फत अनेक ग्रंथालयांत पोहोचले होते. ती प्रणाली मागे पडली तरी ज्यांनी तिच्यातून आयएसओ २७०९ या ठरलेल्या स्वरूपात नोंदी काढून ठेवल्या, त्यांच्या नोंदी पुढच्या प्रणालीत आणता आल्या.

ग्रंथालय संचालनालयाकडे माझी विनंती अशी आहे की अनुदानातून करावयाच्या मान्य खर्चांत 'नोंदींचे युनिकोड रूपांतर व शुद्धीकरण' असे स्वतंत्र शीर्षक असावे, म्हणजे मंडळांना तो खर्च संगणकखरेदीत किंवा किरकोळ खर्चात लपवावा लागणार नाही. प्रचलित जुन्या फॉन्टांची रूपांतर-साधने आणि वर सांगितलेल्या रोजच्या निर्यातीचा एक नमुना संचालनालयाने तयार करवून सर्वांना मोफत द्यावा. प्रत्येक तालुक्याने तीच गोष्ट नव्याने विकत घेण्यात अर्थ नाही. मराठी लेखकांच्या नावांची आणि टोपणनावांची एक सामाईक यादी मोठ्या ग्रंथसंग्रहालयांनी एकत्र येऊन केली, तर ते काम राज्यात एकदाच करावे लागेल. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून उभे आहे. हे कोणी करू शकत असेल तर अशाच संस्था.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्या मंडळांपुढे दरपत्रक आलेले आहे त्यांनी ते मंजूर करण्याआधी पुरवठादाराला आपल्याच फाईलमधल्या शंभर नोंदी द्याव्यात, त्या युनिकोडमध्ये आणायला सांगाव्यात आणि सभासदांपैकी कोणाच्याही साध्या फोनवरून त्या शोधून पाहाव्यात. नोंदी निवडताना रफार, 'ऱ्य', 'ॲ' आणि टोपणनावे असलेल्या मुद्दाम घ्याव्यात, आणि निम्म्या नोंदी संगणक बदलण्यापूर्वीच्या असाव्यात.

आपला विश्वासू,
एका तालुका ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाचा सदस्य,
सातारा जिल्हा